रूपाची दंतकथा आणि दप्तरातील मस्तानी

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वाघोली हे गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत सामील झाले. दगडखाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाच्या शिवारात आता बहुमजली इमारतींची दाटी झाली आहे. तथापि वाघेश्वराच्या पुरातन देवळाजवळ पिलाजीराव जाधवरावांची जी समाधी आहे, तिच्यामुळे या गावाचा संबंध अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठ्यांच्या मोठ्या राजकारणाशी अद्याप टिकून आहे. पिलाजीराव हे छत्रपती शाहूंच्या कारकीर्दीतील नामांकित सरदार. पेशवे बाळाजी विश्वनाथांचे ते सहायक होते आणि थोरल्या बाजीराव पेशव्यांच्या बहुतेक मोठ्या मोहिमांत त्यांचे पथक आघाडीला असे. १७२९ साली बाजीरावांनी बुंदेलखंडात जी धाव घेतली, तिच्यात वाघोलीचे हे जाधवराव होते. आणि त्याच स्वारीच्या पोटी मराठी लोकमानसातील सर्वांत लावण्यवती ठरलेली स्त्री, मस्तानी, पुण्यास आली. म्हणून रूपवती स्त्रियांच्या दंतकथांचा विचार करू इच्छिणाऱ्या मराठी माणसाने दूर जाण्यापूर्वी पहिला मुक्काम वाघोलीस करावा, असे मला वाटते.

मस्तानीविषयी ज्यांना दुसरे काही ठाऊक नसते, त्यांनाही एक गोष्ट ठाऊक असते: ती विडा खाई तेव्हा तिच्या नितळ कंठातून उतरणारी पिकेची लाल रेघ बाहेरून दिसे. लहानपणी आजीच्या तोंडून ही गोष्ट ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. परंतु ही गोष्ट मस्तानीची एकटीची नव्हे. मलिक मुहम्मद जायसीने सोळाव्या शतकात, म्हणजे मस्तानीच्या सुमारे दोनशे वर्षे आधी, ‘पद्मावत’ या काव्यात सिंहलद्वीपाच्या पद्मिनीचे नखशिखान्त वर्णन केले आहे, आणि त्यात तिच्या कंठाचे वर्णन करताना पिकेच्या त्याच रेघेची कल्पना योजिली आहे. उत्तर हिंदुस्थानातील कवींच्या हाती नायिकेच्या वर्णनाचा हा बांधीव संकेत होता. तो केव्हातरी दक्षिणेत उतरला, आणि पुणेकरांना जी स्त्री उत्तरेकडून आलेली व म्हणून अपूर्व वाटत होती, तिच्या अंगाला तो चिकटला. आपण जिला मस्तानीची आठवण समजतो, ती बहुतांशी काव्यपरंपरेची आठवण आहे.

या प्रक्रियेचे स्वरूप अधिक स्पष्ट दिसावयाचे असेल, तर चीनकडे पाहावे. कारण त्या देशाने आपल्या सौंदर्यवतींची गणनाच करून ठेविली आहे. शी-शी, वांग झाओजुन, दियाओछान आणि यांग ग्वेइफेइ या चौघी तेथे सौंदर्याची परिसीमा मानल्या जातात, आणि प्रत्येकीच्या वाट्यास एकेक चमत्कार आलेला आहे. शी-शी नदीकाठी बसली असता तिचे प्रतिबिंब पाहून मासे पोहण्याचे भान विसरून तळाशी गेले. झाओजुनला पाहून आकाशातील रानहंस पंख हलवावयाचे विसरून खाली पडले. दियाओछानपुढे चंद्राने ढगाआड तोंड लपविले. आणि ग्वेइफेइच्या स्पर्शाने फुलांनी लाजून माना खाली घातल्या. यांपैकी माशांच्या चमत्काराचे मूळ फार मनोरंजक आहे. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातील तत्त्वज्ञ ज्वांगझी याच्या नावाने जो ग्रंथ प्रसिद्ध आहे, त्यात असा युक्तिवाद येतो की, अमुक स्त्रिया मनुष्यांना सुंदर वाटतात; पण त्यांना पाहून मासे खोल पाण्यात पळतात, पक्षी उंच उडून जातात आणि हरणे उधळतात; मग सौंदर्याचे खरे प्रमाण कोणाकडे आहे, असे मानावे? मासे तेथे भयाने पळत होते. मनुष्याच्या रूपकल्पना सृष्टीला लागू पडत नाहीत, हे सांगण्यासाठी दिलेला तो दृष्टान्त पुढील कवींनी उलटा करून घेतला, आणि माशांचे भय हे माशांचे मोहित होणे ठरले. एका तत्त्वज्ञाने उपस्थित केलेली शंकाच पुढे एका रूपवतीचा अलंकार बनली.

चौघींच्या कथा पाहिल्या असता, प्रत्येकीच्या रूपामागे राज्याचा एखादा व्यवहार उभा आहे असे आढळून येते. शी-शी ही दक्षिणेकडील युए राज्यातील, आजच्या झजियांग प्रांतातील झूजी या गावची. युएचा राजा गोउज्यान याचा वू राज्याच्या फूछाइने इ. स. पूर्व ४९४ मध्ये पराभव केला, तेव्हा गोउज्यानच्या मंत्र्यांनी मसलत करून या मुलीला दरबारी रीतिरिवाजाचे शिक्षण दिले व फूछाइला नजर केले. तो तिच्या नादी लागला, त्याने शहाण्या प्रधानाचा बळी घेतला, आणि इ. स. पूर्व ४७३ मध्ये त्याचे राज्य बुडाले. पराभव आणि राज्यनाश या गोष्टी इतिहासाच्या आहेत. शी-शीचा हेरगिरीचा वृत्तान्त मात्र सविस्तर रूपाने सापडतो तो त्यानंतर पाच शतकांनी लिहिलेल्या ग्रंथांत. दियाओछानची गोष्ट तर त्याहून विरळ आहे. सेनापती ल्यू-बू याने इ. स. १९२ मध्ये जुलमी दोंग झ्वो याला ठार केले, हे खरे. ल्यू-बूचे दोंग झ्वोच्या एका दासीशी सूत होते, असे इतिहासकाराने नाव न देता नमूद केले आहे. आणि त्या अनाम दासीतून, ‘तीन राज्यांची कथा’ या चौदाव्या शतकातील कादंबरीपर्यंत येता येता, दोन पुरुषांना एकमेकांवर उठविणारी एक संपूर्ण नायिका निर्माण झाली आहे.

झाओजुनची हकीकत यांहून निराळी असून मराठी वाचकाने ती लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. ती हान सम्राट युआन याच्या अंतःपुरातील स्त्री. उत्तरेकडील श्युंगनू या घोडेस्वार जमातीचा अधिपती हूहान्ये हा इ. स. पूर्व ३३ मध्ये दरबारास आला व त्याने सम्राटाकडे सोयरीक मागितली, तेव्हा तिची पाठवणी झाली. दंतकथा सांगते की, अंतःपुरातील स्त्रियांची चित्रे काढणाऱ्या चिताऱ्याला तिने लाच दिली नाही, म्हणून त्याने तिचे चित्र कुरूप काढले. सम्राटाने चित्र पाहून तिला देऊ केले, आणि निरोपाच्या वेळी प्रत्यक्ष पाहिल्यावर तो हळहळला. परंतु हान वंशाच्या उत्तरकालीन इतिहासात, कित्येक वर्षे सम्राटाची दृष्टीही न पडल्यामुळे खिन्न झालेल्या झाओजुनने आपण होऊन जाण्याची तयारी दाखविली, अशी नोंद आहे. या दोन वृत्तान्तांतील अंतर केवढे आहे! पहिल्यात ती एका चित्रामुळे फसलेली सुंदरी आहे. दुसऱ्यात ती आपल्या आयुष्याचा निर्णय स्वतः करणारी स्त्री आहे. लोकांनी पहिला वृत्तान्त उचलला. तिची म्हणून दाखविली जाणारी समाधी अंतर्मंगोलियातील होहोत शहराजवळ आहे.

आता पुन्हा १७२९ कडे येऊ. अलाहाबादचा मोगल सुभेदार मुहम्मद खान बंगष याने बुंदेलखंडात शिरून महाराजा छत्रसालांना जेरीस आणले होते. छत्रसालांचे वय त्या वेळी ऐंशीच्या घरात होते. गजेंद्राला ग्राहाने धरावे तशी आपली अवस्था झाली आहे, तरी धावून यावे, अशा आशयाचा दोहा त्यांनी बाजीरावांस पाठविला, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. आणि आख्यायिका बाजूस ठेविली तरी मदतीची याचना व तिला मिळालेला प्रतिसाद या गोष्टी निर्विवाद आहेत. त्या वेळी गढामंडळाच्या बाजूस असलेले बाजीराव पिलाजी जाधवराव, नारो शंकर, तुकोजी पवार, दावलजी सोमवंशी आदी सरदारांसह तडक बुंदेलखंडात उतरले व मार्च महिन्यात महोब्याजवळ छत्रसालांना भेटले. बंगषाला जैतपूर येथे कोंडण्यात आले, त्याची रसद तोडण्यात आली, आणि त्याचा मुलगा कायम खान कुमक घेऊन येत होता त्यालाही पिटाळून लावण्यात आले. छावणीत रोगराई सुरू झाली व पावसाळा जवळ आला, तेव्हा बाजीराव दक्षिणेकडे वळले; छत्रसालांनी वेढा पुढे चालविला, आणि अखेर बुंदेलखंडावर पुन्हा चालून येणार नाही असे वचन देऊन बंगषाला आपली सुटका करून घ्यावी लागली. उपकाराची फेड म्हणून छत्रसालांनी बाजीरावांस पुत्रवत मानून राज्याचा तिसरा हिस्सा देऊ केला. डिसेंबर १७३१ मध्ये ते निवर्तल्यावर हा हिस्सा मराठ्यांकडे आला, आणि उत्तर हिंदुस्थानात मराठ्यांना कायमचा पाय रोवता आला तो या मुलखामुळे.

मस्तानी याच संबंधातून आली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ती छत्रसालांची मुसलमान स्त्रीपासून झालेली कन्या होती, ही बुंदेलखंडातील परंपरा. ती दरबारातील नर्तकी होती, असे दुसरे म्हणणे. आणि तिला निजामाशी जोडणारी तिसरीही एक कथा आहे. चित्रकार व संशोधक द. ग. गोडसे यांनी १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मस्तानी’ या ग्रंथात तिच्याभोवतीची पुटे एकेक करून दूर केली, आणि छत्रसाल ज्या प्रणामी संप्रदायाचे अनुयायी होते, त्या संप्रदायाच्या वातावरणात तिचा विचार केला. महामती प्राणनाथांचा हा पंथ कृष्णभक्तीला मुख्य मानतो आणि हिंदू व इस्लामी धर्मग्रंथांत एकच सत्य पाहतो. त्या घरात वाढलेली मुलगी कृष्णाची पदे म्हणेल, पुण्यास आल्यावर गणेशोत्सवात गाईल आणि तरीही मुसलमान म्हणविली जाईल, यात विसंगती काहीच नव्हती. पुण्यातील शास्त्रीमंडळींच्या दृष्टीने मात्र अशी व्यक्ती कोणत्याही रकान्यात बसत नव्हती. मला वाटते, मस्तानीच्या दुःखाचे मूळ येथे आहे. तिच्या रूपाचा त्याच्याशी संबंध अल्प.

शनिवारवाड्याचा पाया १७३० च्या जानेवारीत घातला गेला आणि दोन वर्षांनी वास्तुशांत झाली. वाड्यात मस्तानीसाठी वेगळा महाल होता. उत्तरेकडील एका दरवाज्यास तिचे नाव पडले, आणि पुढे तोच दरवाजा तिच्या नातवाच्या नावाने अलीबहादूर दरवाजा म्हणूनही ओळखला जाऊ लागला. कोथरूडला तिच्यासाठी स्वतंत्र निवास बांधण्यात आला होता. त्याचे अवशेष आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात पुन्हा उभारलेले पाहावयास मिळतात. १७३४ साली तिला पुत्र झाला, तो समशेर बहादूर. बाजीरावांनी पाबळ, केंदूर व लोणी ही गावे तिला इनाम दिली.

गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. त्या कागदांत मस्तानीच्या रूपाचे वर्णन शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. जे लागते ते तिच्या बंदोबस्ताविषयी: तिला कोठे ठेवावे, चौक्या किती असाव्यात, बाजीरावांपासून तिला दूर कसे राखावे. १७३९ च्या अखेरीस बाजीराव पाटसला असता ती पुण्यातील पहाऱ्यातून निसटून त्यांच्याकडे पोहोचली आणि तिला परत आणण्यात आले. पुढील वर्षाच्या आरंभी बाजीरावांचे पुत्र रघुनाथराव यांची मुंज व पुतणे सदाशिवराव यांचे लग्न निघाले, तेव्हा बाजीराव हजर असतील तर आपण पौरोहित्य करणार नाही, अशी भूमिका ब्राह्मणांनी घेतली. बाजीरावांचे बंधू चिमाजी अप्पा व पुत्र नानासाहेब यांनी मस्तानीला नजरकैदेत ठेविले. साताऱ्यास छत्रपती शाहूंचे मत निराळे होते. बाजीरावांचे मन दुखावेल असे काही करू नये, असा त्यांचा कल होता. बाजीराव त्या वेळी निजामाचा पुत्र नासिरजंग याच्याशी लढत होते. मुंगी-पैठणचा तह करून ते नव्याने मिळालेल्या खरगोणच्या मुलखाकडे गेले आणि २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे ज्वराने वारले. काशीबाई त्या वेळी त्यांच्याजवळ होत्या. मस्तानीही लवकरच, त्याच वर्षी, गेली. कोणी तिला अंगठीतील विष खावविले, कोणी सती घालविले. दंतकथेला साधा मृत्यू मानवत नाही.

बाजीरावांच्या अखेरच्या दिवसांचे जे वृत्तान्त लोकांत रूढ झाले, त्यांत दोष बहुधा मस्तानीच्या माथी मारलेला असतो: तिच्या नादाने पेशवे व्यसनी झाले, तिच्यापायी घर दुभंगले, तिच्या विरहाने त्यांचा अंत झाला. वीस वर्षे घोड्याच्या पाठीवर काढलेल्या, कर्जाच्या ओझ्याखाली वाकलेल्या आणि ऐन उन्हाळ्यात मोहिमेवर असलेल्या चाळिशीच्या पुरुषाला ज्वर येऊन मृत्यू यावा, यास दुसरे कारण शोधण्याची गरज का पडावी?

ही गरज चीनमध्येही पडली. थांग सम्राट श्वानझोंग याने यांग ग्वेइफेइला इ. स. ७४५ मध्ये अंतःपुरातील सर्वश्रेष्ठ पदवी दिली. ती आधी त्याच्याच एका मुलाची पत्नी होती. दहा वर्षांनी, ७५५ च्या अखेरीस, सीमेवरील सेनापती आन लूशान याने बंड पुकारले. राजधानी सोडून सम्राट पळाला, आणि ७५६ च्या जुलैत मावेइ येथील मुक्कामात त्याच्या संतप्त रक्षकांनी ग्वेइफेइच्या मृत्यूची मागणी केली. तिचा गळा आवळण्यात आला. तिचे वय अवघे सदतीस होते. सीमेवरील सेनापतींच्या हाती प्रचंड फौजा आणि स्वतंत्र वसूल सोपविण्याचे धोरण सम्राटाचे व त्याच्या मंत्र्यांचे होते; तिच्या चुलत भावाने प्रधानकी मिळवून आन लूशानशी वैर वाढविले, तेही खरे. तिच्या स्वतःच्या नावावर मात्र रूपापलीकडे काही दाखविता येत नाही. अर्धशतक लोटल्यावर कवी बाइ जुयी याने तिच्यावर रचलेले दीर्घकाव्य इतके लोकप्रिय झाले की, बंडाची कारणे विद्वानांपुरती राहिली आणि प्रेमकथा सर्वांची झाली.

याहून जुने उदाहरण बाओ-सी या राणीचे. ती कधी हसत नसे. तिला हसविण्यासाठी झोऊ वंशाच्या यू राजाने शत्रू आल्याच्या खोट्या इशाऱ्याचे अग्निस्तंभ पेटविले, मांडलिक फौजा घेऊन धावत आले व ओशाळले, ती हसली. पुढे खरोखर शत्रू आला तेव्हा कोणी आले नाही, आणि इ. स. पूर्व ७७१ मध्ये राज्य बुडाले. दोन सहस्र वर्षे ही कथा इतिहास म्हणून शिकविली गेली. २००८ साली पेकिंगच्या छिंगह्वा विद्यापीठास प्राचीन बांबूपट्टिकांचा एक मोठा संग्रह मिळाला. त्यांतील वृत्तान्तात यू राजाने स्वतः आधी चाल केली आणि तीत त्याचा नाश झाला, असे आहे. अग्निस्तंभांचा पत्ता नाही. लू शुन या थोर चिनी लेखकाने १९३४ सालीच स्पष्ट म्हटले होते की, स्त्रियांनी राज्ये बुडविली यावर आपला विश्वास नाही. पुरुषसत्ताक समाजात त्यांच्या हाती तेवढे सामर्थ्य नव्हते आणि दोष पुरुषांचा होता. हे म्हणणे पुण्याच्या दप्तरालाही तंतोतंत लागू पडते. मस्तानीला डांबून ठेवण्याचे हुकूम ज्यांनी काढले, पौरोहित्य ज्यांनी नाकारले, समशेरला ब्राह्मण म्हणून वाढविण्याची बाजीरावांची इच्छा ज्यांनी मोडली, त्यांचे निर्णय हेच त्या घरातील कलहाचे कारण होते. बाजीरावांच्या मनात त्या पोराचे नाव कृष्णराव होते, असे सांगतात.

अलीकडच्या काळात ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’ या कादंबरीने १९७२ साली मस्तानीला सहानुभूती मिळवून दिली, ही मोठी गोष्ट झाली. २०१५ च्या हिंदी चित्रपटाने तिची कीर्ती देशभर नेली. पण सहानुभूतीनेही तिला पुन्हा प्रेमकथेतच बसविले आहे. तिचे स्थान ज्याला पाहावयाचे असेल, त्याने वाघोलीहून लोणीकंद, कोरेगाव भीमा, सणसवाडी करीत शिक्रापूर गाठावे व तेथून पाबळला जावे. शिरूर तालुक्यातील त्या गावी तिची कबर आहे, साधी, दगडी, राजवैभवाची कोणतीही खूण नसलेली. दिवेघाटाच्या पायथ्याशी वडकीजवळ जो तलाव आहे, त्यासही लोक मस्तानी तलाव म्हणतात. आणि योगायोग असा की, तोच घाट चढून वर गेले म्हणजे जाधववाडीस पिलाजीरावांची गढी लागते. पाबळ हे तिच्या इनामाचे गाव होते. ती तेथे आश्रयास आलेली नव्हती; स्वतःच्या मालकीच्या मुलखात तिला माती मिळाली, हे आवर्जून सांगितले पाहिजे.

झाओजुनच्या कथेत एक भाग असा आहे की, जो गीतांत फारसा येत नाही. तिची मुलगी युन ही श्युंगनूंच्या राज्यात मोठी झाली आणि पुढे हान दरबाराशी सलोखा टिकविण्याच्या पक्षात राहून तिने दोन्हीकडे ये-जा केली. म्हणजे जो तह पक्का व्हावा म्हणून आई दिली गेली, तो तह मुलीने चालविला. मस्तानीच्या वंशातही हेच घडले. समशेर बहादूर पेशव्यांच्या फौजेत वाढला आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जबर जखमी होऊन, सुरजमल जाटाच्या मुलखात आश्रय मिळाला असता, ऐन सत्ताविशीत निधन पावला. त्याचा मुलगा अलीबहादूर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस, छत्रसालांनी दिलेल्या त्या हिश्श्याच्या नात्याने, बुंदेलखंडात फौज घातली, बांदा येथे आपले ठाणे बसविले आणि १८०२ साली कालिंजरच्या वेढ्यात असता तो वारला. त्याच्या वंशातील दुसरा नवाब अलीबहादूर हा १८५७ साली झाशीची राणी व तात्या टोपे यांच्या बाजूने उभा राहिला. इंग्रजांनी बांद्याचे संस्थान खालसा केले आणि त्याला पेन्शन देऊन इंदूरला ठेविले.